आठ दिवस वापरून बघू

ताईच्या माहेरी एक कायदा होता. तो कुठे लिहिलेला नव्हता, पण लिहिलेल्या कायद्यांपेक्षा कडक पाळला जायचा: वापरून बघितल्याशिवाय कुठलीही वस्तू घरात घ्यायची नाही.

बाबा वजनमाप खात्यात निरीक्षक होते. दुकानदारांच्या तराजूंवर संशय घ्यायचा त्यांना जन्मभर पगार मिळाला, आणि निवृत्त झाल्यावर तेच काम ते घरी फुकट करू लागले. खुर्ची असो, इस्त्री असो, गादी असो, दुकानदाराला ते एकच वाक्य ऐकवायचे, "आठ दिवस वापरून बघू." आठ दिवसांत वस्तूने गुण उधळले की ती परत जायची. भिंतीवरचं एक घड्याळ असंच परत गेलं. वेळ बरोबर दाखवायचं, पण त्याची टिकटिक बाबांना उद्धट वाटली. मात्र नववा दिवस उजाडला आणि वस्तू घरातच असली, की ती घरची झाली. मग तिच्याबद्दल कुरकुर करायची नाही. ताईच्या लग्नाच्या वेळी हा कायदा जावयाला लावता आला नाही, ही रुखरुख बाबांना कायम राहिली, आणि ती ते जावयासमोरच बोलून दाखवायचे.

तर एका सुट्टीत ताई ठकीला घेऊन माहेरी आली होती. ठकी तेव्हा नुकती दुडूदुडू चालायला लागली होती आणि दिसेल ती वस्तू तोंडात घालून तपासायची. आजोबांवरच गेली होती म्हणायची. ताईचा मूळचा स्वभाव काळजीचा, त्यात ती आई झालेली. ठकी झोपली की श्वास घेतेय ना हे बघायला ती नाकाशी बोट धरायची. त्याने ठकी जागी व्हायची, आणि मग ही झोपत का नाही म्हणून ताई वेगळी काळजी सुरू करायची.

पण त्या सुट्टीत काळजीचा मुख्य विषय ठकी नव्हता. ताईची धाकटी बहीण बारावी पास झाली होती. घरात सगळे तिला धाकटीच म्हणायचे. गुण असे पडले होते, की इतके चांगले नाहीत की लोकांनी कौतुकाने गप्प बसावं आणि इतके वाईटही नाहीत की दयेने गप्प बसावं. म्हणजे सल्ला द्यायला अगदी सोयीचे.

"तुला काय व्हायचंय?" असं धाकटीला कोणी विचारलं की ती खरंखरं उत्तर द्यायची, "मला माहीत नाही." या घरात खरं बोलायची शिकवण लहानपणापासून होती, पण ती अशा प्रसंगासाठी नव्हती.

ताईने पहिल्याच संध्याकाळी चहाचा कप खाली ठेवून जाहीर केलं, "हे बघा, धाकटीवर कोणी काही लादायचं नाही. तिला जे हवं ते तिने शिकायचं. मी आहे ना इथे, मी बघते."

हे बोलताना तिचा आवाज जरा चढला होता, आणि त्याला कारण होतं. ताईची बारावी झाली तेव्हा त्यांच्या गल्लीत रस्त्याची मोजणी चालली होती. तिपाईवर दुर्बीण लावून एक माणूस लांब उभ्या केलेल्या पट्टीकडे बघायचा आणि आकडे सांगायचा. ताई रोज जाऊन उभी राहायची. शेवटी वैतागून त्याने तिला एकदा दुर्बिणीतून बघू दिलं, आणि ताईने घरी येऊन सांगितलं, मला मोजणी शिकायची आहे. बाबा म्हणाले होते, "चांगलं आहे. पण आधी पदवी घे." ताईने पदवी घेतली. मग नोकरी घेतली, मग अंगावर लग्नाची साडी घेतली, मग ठकीला कडेवर घेतलं. अशी ती एकेक गोष्ट घेत गेली आणि दुर्बीण तेवढी राहून गेली. तिने कधी तक्रार केली नाही. फक्त रस्त्यात कुठे तिपाई दिसली, की ती उगाच चपलेचा पट्टा लावायला थांबायची.

धाकटीचं असं होऊ द्यायचं नाही, एवढंच तिने मनाशी ठरवलं होतं.

सल्लागार मंडळ न बोलावता जमलं. वरच्या मजल्यावरचे निवृत्त हेडमास्तर आले. त्यांच्या बोलण्यात 'स्कोप' हा शब्द श्वासासारखा यायचा, आणि समोरच्या मुलाने जो विषय घेतलेला नसेल नेमका त्याला स्कोप असायचा. कोपऱ्यावर औषधांचं दुकान चालवणाऱ्या काकू आल्या. सोसायटीचे सेक्रेटरी आले; ते खरं म्हणजे पायऱ्यांवर चपला काढू नयेत अशी सूचना द्यायला आले होते, पण बसले.

"नर्सिंगला घाला," काकू म्हणाल्या. "आजारी माणसं काही कमी व्हायची नाहीत. माझ्या दुकानाकडे बघा."

"त्यापेक्षा हॉटेल," हेडमास्तर म्हणाले. "माणूस आजारी पडो न पडो, जेवतो. स्कोप तिथे आहे."

"आणि जेवो न जेवो, केस वाढतात," सेक्रेटरी म्हणाले. त्यांच्या स्वतःच्या डोक्यावर या विधानाला पुरावा नव्हता.

"तिला विचारा ना कोणीतरी!" ताई म्हणाली.

सगळे धाकटीकडे वळले. धाकटी मोरीच्या दाराशी उभी राहून ठकीला जाळीपासून ओढत होती. तिथे कान लावून बसायचं नवं वेड ठकीला लागलं होतं. लहानपणी धाकटीही तेच करायची. आंघोळीचं पाणी जाळीतून गुडगुडत गेलं की विचारायची, "ताई, पाणी कुठे जातं गं?" "पाण्याच्या घरी." "पण कुठल्या रस्त्याने?" याचं उत्तर ताईकडे नसायचं, म्हणून ती डोक्यावर तांब्या उपडा करायची आणि चर्चा मिटवायची.

"मला कसं कळणार?" धाकटी म्हणाली. "करून बघितल्याशिवाय कसं सांगू?"

बाबांनी वर्तमानपत्र खाली केलं. त्यांच्या चेहऱ्यावर, कितीतरी वर्षांनी कोणीतरी आपल्या भाषेत बोललं, असा आनंद पसरला.

"बरोबर," ते म्हणाले. "प्रत्येक शिक्षण आठ आठ दिवस घरी वापरून बघू."

आई आतून म्हणाली, "शिक्षण म्हणजे काय गादी आहे का?"

"गादीवर आयुष्याचा तिसरा हिस्सा जातो," बाबा म्हणाले. "कामावर त्याहून जास्त."

ताईला वाटलं, कल्पना विचित्र आहे पण न्यायाची आहे. आपल्या वेळी एवढंसुद्धा झालं नव्हतं.

पहिला मान हॉटेलला मिळाला. धाकटीने पांढरा शर्ट घातला, कमरेला आईचा टॉवेल गुंडाळला आणि घरातल्या माणसांना स्वतःच्याच जेवणघरात यायला दारात थांबवलं. "किती जण?" तिने विचारलं. "तुला माहीत नाही का किती जण?" बाबा म्हणाले. पण मग तिने आईची खुर्ची ओढून दिली, आणि आई बसायचं सोडून खुर्चीकडे बघतच राहिली.

रुमालांचे पक्षी केले होते. त्यातल्या एकाची चोच ठकीने खाल्ली. पांढरा सॉस पहिल्या दिवशी इतका घट्ट झाला की त्यात चमचा उभा राहिला. तो टाकून दुसरा केला, तोही बेसिनमध्ये गेला. तिसऱ्याला हेडमास्तरांनी 'प्रयत्न चांगला' असा शेरा दिला. बाबांनी आपला जुना वजनकाटा काढून प्रत्येक ताटातला पदार्थ तोलला. "दोन ताटांत फरक आहे. गिऱ्हाईक भांडू शकतं."

आठ दिवस झाल्यावर धाकटी म्हणाली, "ताई, सारखं हसून 'आणखी काही हवंय का' विचारायचा मला कंटाळा येतो गं. हवं असेल तर मागतील की."

"म्हणजे हे परत," बाबा म्हणाले.

"अजून आठ दिवस ठेवा ना," आई कळवळून म्हणाली. "जन्मभर मीच वाढत आले. मला आजवर कोणी खुर्ची ओढून दिली नव्हती."

पण कायदा तो कायदा. अजूनही त्या दिवसांचा विषय निघाला की आई पहिल्यांदा त्या खुर्चीचं बोलते.

दुसरा आठवडा नर्सिंगचा. बाबांना पेशंट केलं होतं, पण त्यांनी सहकार्य केलं नाही. थर्मामीटर तोंडात घालायच्या आधी तो बरोबर आहे याचं प्रमाणपत्र ते मागायचे. शेवटी हेडमास्तर स्वतःहून पुढे आले. त्यांनी आपला धडधाकट उजवा हात प्लास्टरसाठी देऊ केला. काकूंनी दुकानातून पावडर दिली, आणि लागेल त्याच्या कितीतरी पट दिली, कारण पाकीट आधीच फुटलेलं होतं. धाकटीने बादलीत कालवली. हाताला लागली थोडी. उरलेली पांढरी खीर मोरीत ओतून दिली.

प्लास्टर फार सुरेख बसलं. इतकं, की ते निघेना. दुसऱ्या दिवशी हेडमास्तरांना माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्याला जायचं होतं. ते गळ्यात झोळी बांधून गेले आणि परत आले ते फुलून. "पोरं हळवी झाली हो," ते सांगत होते. "ज्याला मी सर्वांत जास्त मारलं, तो माझं पाकीट धरून गाडीपर्यंत आला." धाकटी कात्री घेऊन पुढे झाली तेव्हा हात मागे घेत म्हणाले, "राहू दे दोन दिवस. घाई काय आहे?"

नर्सिंगही परत गेलं. "पेशंट खोटा होता म्हणून मजा आली," धाकटी म्हणाली. "खरा असता तर मीच रडले असते."

तिसरा आठवडा केसांचा होता, आणि नेमके त्याच शनिवारी जावई ठकीला भेटायला आले. जावई हा सभ्य माणूस. सासरी कोणाला नाही म्हणायचं नाही, असं त्यांच्या आईने सांगून ठेवलेलं. धाकटीने त्यांच्या गळ्यात चादर बांधली आणि डावी बाजू कापली. मग उजवी डावीशी जुळवायला गेली. मग डावी उजवीशी. बाबा फूटपट्टी घेऊन बाजूला उभे. "अजून थोडी. हां, आता ही बाजू जास्त झाली."

"अगं, जावई आहेत ते आपले," आई म्हणाली. "ओळखू येतील एवढे तरी केस ठेव."

शेवटी दोन्ही बाजू सारख्या झाल्या. सारखं करायला काही उरलं नव्हतं. ठकीने बापाकडे पाहिलं आणि भोकाड पसरलं. जावयांनी आरशात पाहिलं, घसा खाकरला आणि अतिशय शांतपणे विचारलं, "ऑफिसात टोपी घातलेली चालते का, कोणाला माहीत आहे?"

धाकटीने केरसुणीने केस गोळा केले. "कुठे टाकू?" "ओत पाणी आणि सोड मोरीत," ताई म्हणाली. तिचं सगळं लक्ष ठकीच्या मुठीतून केस काढण्यात होतं.

मोरी इतके दिवस सगळं निमूटपणे गिळत होती. त्या सोमवारी सकाळी तिने तोंड उघडलं.

ताईचं माहेर तळमजल्यावर. वरच्या मजल्यांचं सगळं सांडपाणी त्याच पाइपाने खाली उतरायचं. त्या दिवशी वर कोणी भांडं विसळलं की इकडे मोरीच्या जाळीतून फेस यायचा, आणि कोणी बादली उपडी केली की पायांना पाणी लागायचं. बाबा अंगणात उभे राहून वर ओरडत होते, "कोणी पाणी सोडू नका! आहात तसे थांबा!" हेडमास्तर खिडकीतून डोकावले. आहेत तसे थांबले होते. चेहऱ्याला साबण होता आणि प्लास्टरच्या हातावर प्लास्टिकची पिशवी.

सेक्रेटरी आले. ते कधी काही न लिहिता येत नसत. फलकावर कागद लागला, 'तळमजल्यावरील एका कुटुंबाने सामाईक सांडपाण्याचा मार्ग तुंबवला आहे. इतर सभासदांनी धीर धरावा.'

"'एका कुटुंबाने' म्हणजे?" बाबा लाल झाले. "तळमजल्यावर कुटुंब एकच आहे!"

"म्हणून नाव घातलं नाही. मी कोणाची बदनामी करत नाही."

मग प्लंबर आला. आला म्हणजे, आणला गेला. देहाने दांडगा, आवाजाने त्याहून दांडगा, आणि कंबर धरून चालणारा. अंगणात ठेवलेल्या खुर्चीत तो अलगद उतरला. "मला वाकता येत नाही. कंबर संपावर गेलीय. पोऱ्या रजेवर आहे. तुमच्याकडे कोण आहे हाताखाली?"

बाबांनी जावयांकडे पाहिलं. जावई टोपी सावरत पाच पावलं मागे गेले. तेवढ्यात धाकटीने चेंबरचं झाकण सरकवलंसुद्धा.

"अगं, पडशील!" ताई ओरडली. धाकटी तोवर पालथी पडून खांद्यापर्यंत हात आत घालून मोकळी झाली होती.

"काय लागतंय?" प्लंबरने चहाचा घोट घेत विचारलं.

"कठीण आहे. पण मागून पाणी दाबतंय. काका, हे वळणावर अडकलंय. पाइप इथे वळतो का?"

"वळतो. तुला कसं कळलं?"

"आवाजावरून. लहानपणापासून ऐकतेय. पाणी इथे गुडगुडतं आणि मग घसरतं."

प्लंबरने कप खाली ठेवला. मग म्हणाला, "ती चपटी सळई घे. ढकलायचं नाही, फिरवायचं. कानातला मळ काढतो तसं."

धाकटी सळई फिरवत राहिली. हेडमास्तरांच्या तोंडावरचा साबण वाळून तडकला. आणि मग एक मोठा ढेकर आल्यासारखा आवाज झाला, सगळं पाणी सुर्रकन खाली गेलं, आणि धाकटीने वर काढला एक गोळा. बाहेरून प्लास्टर, आत पांढरा सॉस, आणि सगळं घट्ट विणलेलं जावयांच्या केसांनी. तिच्या पुढच्या शिक्षणाचे सगळे मार्ग त्यात एकत्र आले होते. बाबांनी आतून काटा आणून तो तोलला. वजन त्यांनी नंतर पुष्कळ जणांना सांगितलं, आणि दर वेळी ते जरा वाढत गेलं.

धाकटी उठली. कोपरापर्यंत काळी, कपाळावर चिखल, केसांत काहीतरी ज्याकडे न बघितलेलं बरं. आणि चेहरा असा उजळलेला, की ताईला ती एकदम चार वर्षांची, जाळीपाशी ओणवी बसलेली दिसली.

"ताई," ती म्हणाली, "मला हेच शिकायचंय."

"हेच म्हणजे?" आईने विचारलं.

"हेच. पाइप. पाणी कुठून येतं, कुठे जातं. याचा वर्ग असतो. काका मघाशी म्हणाले, सरकारी प्रशिक्षण संस्थेत असतो."

"असतो," प्लंबर म्हणाला. "मी नापास झालोय त्यात."

आई मटकन पायरीवर बसली. हेडमास्तरांनासुद्धा पटकन स्कोप आठवेना. मग सगळ्यांनी ताईकडे पाहिलं. काही लादायचं नाही असं जाहीर करणारी तीच होती. धाकटी तर तिच्याकडे अशी बघत होती, की उत्तर तिला आधीच माहीत आहे आणि आता फक्त ऐकायचंय.

ताईच्या डोळ्यांसमोरून भराभर गेलं: लोक काय म्हणतील, चेंबरमधले जंतू, लग्नाच्या वेळी सांगायचं काय, धनुर्वाताचं इंजेक्शन. तिने तोंड उघडलं.

"चांगलं आहे," ती म्हणाली. "पण आधी पदवी घे."

आणि मग तिला स्वतःलाच ते ऐकू आलं. शब्द तेच, सूर तोच, 'पण'वर तोच जरासा हेल.

धाकटीचा चेहरा पडला. "तू अगदी बाबांसारखी बोललीस," ती म्हणाली आणि हात धुवायला नळाकडे गेली.

"मी असं कधी म्हणालो?" बाबांनी विचारलं. काटा त्यांच्या हातातच होता.

"माझ्या वेळी," ताई म्हणाली. "मोजणी शिकायचं म्हटलं होतं तेव्हा. जाऊ दे बाबा, जुनी गोष्ट आहे."

बाबा काट्याकडे बघत राहिले, आणि त्या दिवशी त्यांचा चहा प्रथमच निवला. ताई धाकटीच्या मागे नळापाशी गेली. तिच्या केसांतलं ते न बघण्यासारखं काहीतरी तिने बोटांनी काढून टाकलं. "ऐकू नकोस माझं," ती म्हणाली. "माझं तोंड सवयीने बोललं. तुला हे शिकायचंय ना? मग हेच."

"खरं?"

"खरं. पण धनुर्वाताचं इंजेक्शन आजच घ्यायचं."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा टोपी घालून प्लंबरच्या घरी गेले आणि ठरवून आले: आठ दिवस. धाकटी रोज त्याच्याबरोबर जाऊ लागली. तो खुर्चीत बसून ओरडायचा, ती सिंकखाली शिरून काम करायची. घरचा प्रयोग म्हणून तिने आईच्या स्वयंपाकघरात नवा नळ बसवला. तो बंद करायला गेलं की उघडायचा आणि उघडायला गेलं की बंद व्हायचा. आई डोक्यापासून पायापर्यंत भिजली. "काढते मी, सरळ करते," धाकटी ओशाळून म्हणाली.

"थांब," बाबा म्हणाले. "गळतोय का?"

"नाही."

"मग आठ दिवस वापरून बघू."

आठव्या दिवशी ताईने विचारलं, "काय गं, परत करायचं का हे?"

धाकटीच्या नखांत काळं होतं, गुडघे सोलवटलेले होते. "नववा दिवस उद्याच आहे ना?" तिने विचारलं. "की आजच धरायचा?"

राहिली ती संस्था. ठकीला कडेवर घेऊन ताई, धाकटी आणि बाबा तिथे गेले. लांब व्हरांडा, एका टोकाला यंत्रांची घरघर, दुसऱ्या टोकाला खिडकी आणि खिडकीत कारकून. त्याने धाकटीकडे पाहिलं आणि शिवणाचा अर्ज पुढे सरकवला.

"प्लंबिंग," ताई म्हणाली.

त्याने केसांच्या वर्गाचा अर्ज पुढे सरकवला.

"केस झाले आमचे करून," बाबा म्हणाले. "प्लंबिंग."

कारकुनाने सुस्कारा सोडला. "उशीर झालाय. जागा एकच राहिलीय, आणि ती अनुभव असलेल्याला. काम केल्याचा पुरावा आणा. जिथे काम केलं तिथल्या जबाबदार माणसाच्या सहीशिक्क्याचा. संध्याकाळी खिडकी बंद होते."

प्लंबरचा शिक्का नव्हता. त्याच्याकडे फक्त कंबर होती. शिक्का असलेला जबाबदार माणूस सगळ्या ओळखीत एकच होता, आणि तो म्हणजे सेक्रेटरी.

सेक्रेटरींनी सगळं ऐकून घेतलं. "देतो की. पण मी खोटं लिहीत नाही आणि अर्धवटही लिहीत नाही. मोकळं कोणी केलं हे लिहायचं, तर तुंबवलं कोणी हेही लिहावं लागेल."

बाबांच्या मिशा थरथरल्या. ज्या माणसापुढे व्यापारी चळाचळा कापायचे, त्याच्या घराने पाइप तुंबवल्याचं सहीशिक्क्यानिशी जाहीर होणार होतं. ताईला वाटलं, आता हे उठून जाणार आणि धाकटीचं सगळं इथेच बुडणार. खिडकी बंद व्हायला फार वेळ नव्हता.

बाबांनी धाकटीच्या नखांकडे पाहिलं. "लिहा," ते म्हणाले. "नावही घाला. 'एका कुटुंबाने' नको."

कारकुनाने तो कागद मोठ्याने वाचला, कारण त्याला तो खरा वाटेना. "'सदर कुटुंबाने पूर्णपणे तुंबवलेला सामाईक मार्ग सदर कुटुंबातील धाकट्या मुलीने स्वहस्ते मोकळा केला. पाणी अद्याप वाहत आहे.'" त्याने चष्म्यावरून एकेकाकडे पाहिलं. "असा पुरावा आजवर आला नव्हता." मग शिक्का उचलला आणि मारला. धाकटीने ताईचा हात इतका करकचून दाबला, की पाना धरायची सवय लागल्याचं ताईला चांगलंच समजलं.

"झालं," कारकून खिडकी ओढता ओढता म्हणाला. "तुमच्या घरात आणखी कोणी राहिलंय का शिकायचं?"

तो चेष्टेत म्हणाला होता. पण बाबा चटकन म्हणाले, "शनिवारचे वर्गही असतात का हो तुमच्याकडे?" तेवढ्यात ठकीने काउंटरवरचा शाईचा पॅड चाटला, आणि पुढचं ताईने ऐकलंच नाही.

परत सासरी जायच्या आधीच्या सकाळी ताई ठकीचे कपडे भरत होती. अंगणातून बाबांची हाक आली. "जरा बाहेर ये गं. ठकीला दे आईकडे."

अंगणात तिपाई उभी होती. तिच्यावर दुर्बीण, जुनी, पितळ काळवंडलेली, पण काच स्वच्छ पुसलेली. बाबा तिच्या पायांखालची माती उगाचच दाबत होते.

"मोजणी खात्यात माझा एक ओळखीचा होता," ते तिच्याकडे न बघता म्हणाले. "त्याच्याकडे पडून होती. घ्यायची असं काही नाही. आठ दिवस वापरून बघ."

"बाबा, मी उद्या जातेय."

"मग तिकडे घेऊन जा. वापरायची जागा कुठली, याबद्दल कायद्यात काही नाही."

ताईने डोळा लावला. त्या जुन्या दुर्बिणींत सगळं उलटं दिसतं, हे ती विसरली होती. तिला घर दिसलं, पाया वर आणि छप्पर खाली. पायरीवर आई उलटी उभी होती, तिच्या कडेवर ठकी उलटी हात हलवत होती, आणि खिडकीत धाकटी, खांद्यावर पाना घेऊन, उलटीच हसत होती. सगळं उलटं, आणि सगळं जागच्या जागी.

"काय दिसतंय?" बाबांनी विचारलं.

"नीट लागलेली नाही अजून," ती म्हणाली आणि दुर्बीण फिरवत राहिली, डोळा पुसायला मिळेपर्यंत.

आता धाकटी मोठमोठ्या इमारतींचे पाइप टाकते, आणि तिच्या हाताखाली माणसं आहेत. आईचा नळ तिने कितीदा सरळ करून देते म्हटलं, पण बाबा हात लावू देत नाहीत. तो नवव्या दिवशी घरचा झाला. ठकी शाळेत जाते, आणि शनिवारी तुझी आई कुठे जाते असं कोणी विचारलं तर सांगते, "रस्ता मोजायला." माहेरी पोचल्यावर ताई पहिल्यांदा स्वयंपाकघरात जाऊन नळ फिरवते. अंगावर पाण्याचा फवारा आला, की बाहेरून बाबांचा आवाज येतो, "उलटा, उलटा फिरव!" आणि मग तिला आल्यासारखं वाटतं.

दुर्बीण अजून परत गेलेली नाही.